बशीतला कर्करोग

गोरखपूर म्हटलं की बाहेरच्यांना उत्तर प्रदेशातलं आठवतं. आमचं गोरखपूर जबलपुरातलं. छोटी लाईन फाटक, गुरुद्वारा, बाजार आणि पुढे ग्वारीघाटाकडे जाणारा रस्ता. नॅरोगेज गाडी २०१५ साली बंद झाली, फाटकाचं नाव मात्र टिकलं. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे मुलं प्रबंध घेऊन येतात. भाषा बघा, तक्ते बघा म्हणतात. गेल्या काही वर्षांत त्यातला एक विषय पुन्हा पुन्हा येतो: धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण आणि कर्करोग. ही टिपणं त्या प्रबंधांच्या समासात लिहिलेल्या शेऱ्यांतून जमली आहेत.

*

कृती सगळीकडे जवळपास सारखीच. झिंक नायट्रेट किंवा झिंक अॅसिटेट पाण्यात विरघळवायचं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड, नाहीतर कडुलिंब, तुळस, शेवगा यांपैकी कशाच्या तरी पानांचा अर्क. साका बसतो. तो धुवायचा, वाळवायचा, मफल भट्टीत चारशे अंशांच्या आसपास भाजायचा. पांढरी, कधी पिवळसर छटेची पूड हाती येते. तिची एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांची तपासणी, करायला नमुना इंदूरला नाहीतर सागरला पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. मग पेशींवर चाचणी. शेवटच्या प्रकरणात एक वाक्य ठरलेलं: हे कण कर्करोगावरचं संभाव्य औषध ठरू शकतात.

त्या वाक्याच्या समासात मी पेन्सिलीनं लिहिते, ‘कोणाच्या? कुठे? किती?’

*

शेररचं सूत्र १९१८ चं. एक्सआरडीच्या आलेखातल्या शिखराची रुंदी मोजून स्फटिकाचा आकार काढता येतो. मुलं त्या आकड्याला सरळ कणाचा आकार म्हणतात. एका कणात असे अनेक स्फटिक चिकटलेले असू शकतात. शिवाय कोरड्या पुडीत वीस नॅनोमीटर दिसणारे कण पेशींच्या द्रवात पडले की एकमेकांना बिलगून शेकडो नॅनोमीटरचे पुंजके करतात, आणि सीरममधली प्रथिनं त्यांच्यावर थर चढवतात. पेशीला भेटतो तो हा पुंजका. प्रबंधात मात्र छायाचित्र कोरड्या कणाचं असतं.

*

चाचणीचं नाव एमटीटी. १९८३ साली मॉसमननं ती मांडली. प्लेटमध्ये शहाण्णव खळगे, प्रत्येकात काही हजार पेशी, त्यांच्यावर वाढत्या प्रमाणात कणांचं द्रावण. एक-दोन दिवसांनी पिवळा एमटीटी रंग घालायचा. जिवंत पेशी त्याचा जांभळा फॉर्मझान करते, मेलेली करत नाही. जांभळा रंग यंत्रानं मोजायचा. निम्मा रंग ज्या प्रमाणाला उरतो तो आयसी-५०.

चाचणी स्वस्त आहे, झटपट आकडे देते आणि आलेख देखणा येतो. अडचण अशी की ही चाचणी कणांसाठी बनवलेलीच नव्हती. काही धातूंचे ऑक्साइड स्वतःच एमटीटीचा रंग बदलवतात, काही फॉर्मझान स्वतःला चिकटवून घेतात, काही नुसते गढूळ असल्यामुळे प्रकाश अडवतात. म्हणून पेशी नसलेल्या खळग्यात फक्त कण आणि रंग घालून बघायला हवं. एवढा एक कंट्रोल घातला तर खर्च जवळजवळ शून्य. तरी तो वगळलेला दिसला की मला राग येतो. मुलांचा नाही, त्यांना तो न सांगणाऱ्यांचा.

*

दुसरा कंट्रोल जास्त महत्त्वाचा. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं, हे अकरावीच्या मुलालाही ठाऊक असतं. पेशी कण गिळते तेव्हा तो लायसोसोममध्ये जातो आणि तिथलं वातावरण आम्लधर्मी असतं. कण विरघळतो, जस्ताचे आयन मोकळे होतात, पेशीचा तोल जातो, ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात आणि पेशी मरते. मग पेशीला मारलं कुणी, नॅनोकणानं की विरघळलेल्या जस्तानं? तेवढंच जस्त झिंक क्लोराइडच्या रूपात दुसऱ्या खळग्यात घातलं तर उत्तर मिळतं. दोन्हीकडे पेशी सारख्याच मेल्या तर नॅनोची कथा तिथेच संपली. फरक निघाला तर तोच खरा शोध, आणि त्यावर प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण लिहावं.

*

या सगळ्याला जोर आला त्यामागे २००८ चा एक शोधनिबंध आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं बॉइझी स्टेट विद्यापीठ. हॅनली, विंगेट, पुन्नूस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की झिंक ऑक्साइडचे कण कर्करोगी टी-पेशींना निरोगी टी-पेशींपेक्षा २८ ते ३५ पटींनी अधिक मारक ठरतात. आकडा मोठा होता आणि प्रयोगात निरोगी पेशी तुलनेला ठेवल्या होत्या, हे त्याचं बळ. पण त्याच निबंधाच्या शीर्षकात आणखी एक गोष्ट होती. चेतवलेल्या, म्हणजे रोगाशी लढायला सज्ज झालेल्या मानवी टी-पेशीही हे कण मारतात. जी पेशी भराभर वाढतेय ती मरते. आपलीच प्रतिकारशक्ती कामाला लागली असेल तर तीही त्यात सापडते. प्रबंधांच्या प्रस्तावनेत ३५ चा आकडा येतो, दुसरी गोष्ट गळते.

*

एक हिशेब मी प्रत्येकाला मागच्या पानावर करायला लावते. समजा आयसी-५० निघाला मिलिलीटरला ५० मायक्रोग्रॅम. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. तेवढं प्रमाण रक्तात आणायचं तर २५० मिलिग्रॅम झिंक ऑक्साइड एकदम शिरेतून द्यावं लागेल. जस्ताची दिवसाची गरज दहा-पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास असते, तीही अन्नातून, आतड्यानं मोजून घेतलेली.

आणि रक्तात पोचलं म्हणजे गाठीत पोचलं असंही नाही. टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटानं २०१६ साली दहा वर्षांतले निबंध एकत्र करून पाहिले. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेल्यांचा मध्यांक निघाला ०.७ टक्के. म्हणजे शंभरातला एकही धड नाही. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहा गाळून घेतात, तेच त्यांचं काम आहे. हे प्राण्यांवरचे आकडे. बशीत मात्र शंभरातले शंभर कण पेशींच्या अंगावरच पडतात, जाणार कुठे?

*

रिछाईच्या कारखान्यांत किंवा फाटकाजवळच्या शटर-ग्रिलच्या दुकानात जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्ड करणाऱ्यांना विचारा. धूर फार गेला की संध्याकाळी हुडहुडी भरते, ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, दुसऱ्या दिवशी उतरतो. तो धूर म्हणजे झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. आणि तेच झिंक ऑक्साइड कॅलामाइनमध्ये, लहान मुलांच्या मलमात, दंतवैद्याच्या लवंगतेलातल्या तात्पुरत्या भरणात निर्धोक असतं. द्रव्य एकच, वाट वेगळी. ‘पानांच्या अर्कात केलंय म्हणून सुरक्षित’ या वाक्यावर मी म्हणूनच काट मारते. कडुलिंबानं कण बनवले तरी ते जस्ताचेच असतात.

*

पेशींची वंशावळ. प्रबंधात ‘हीला’ आणि ‘एमसीएफ-७’ ही नावं तांदूळ-डाळीसारखी येतात. हीला पेशी १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतल्या, तिला न विचारता. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या वाढल्या आणि थांबल्याच नाहीत.

त्याच जॉर्ज गाय यांच्याकडे आपल्या कमल रणदिवे शिकून आल्या. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७, माहेरचं आडनाव समर्थ. डॉ. व्ही. आर. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. केली. बाल्टिमोरहून परतल्यावर त्यांनी मुंबईत परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशात प्राणिपेशी बशीत वाढवायची सवय लागली ती अशा लोकांमुळे. आज जबलपुरात कुणाला सेल लाईन हवी असली तर मागणी जाते पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे. १९८६ साली तेही पेशींचा साठा आणि पुरवठा करणारी सुविधा म्हणूनच सुरू झालं होतं. (मे महिन्यात मागवू नये. जबलपूरच्या उन्हात पार्सल किती वेळ कुठे पडून राहील सांगता येत नाही.)

आणखी एक गोष्ट मुलांना सांगते. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचा उच्छाद, आणि चाचणी मात्र एमसीएफ-७ वर, म्हणजे डेट्रॉइटच्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर. मुंबईच्या संशोधकांनी, त्यात डॉ. सुधा गांगल होत्या, १९९० साली भारतीय रुग्णांच्या तोंडातल्या गाठींपासून पेशींचे चार नवे वंश तयार करून प्रसिद्ध केले. एडब्ल्यू-१३५१६ हा त्यांतला एक. प्रश्न इथला असेल तर पेशी इथल्या घ्या.

*

भस्मांविषयी विचारल्याशिवाय जबलपुरात बैठक पुरी होत नाही. ग्वारीघाटाच्या वाटेवर आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्यामुळे विषय घरचाच. यशदभस्म म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइड. जस्त वितळवून पुन्हा पुन्हा द्रवात ओतायचं, वनस्पतींच्या रसात खलायचं, पुटं द्यायची. परीक्षा ठरलेल्या: वारितर, म्हणजे पाण्यावर तरंगलं पाहिजे, रेखापूर्ण, म्हणजे बोटांच्या रेषांत भरलं पाहिजे, अपुनर्भव, म्हणजे पुन्हा धातू होता कामा नये. सूक्ष्मदर्शक नसताना कणाचा बारीकपणा आणि ऑक्सीभवन तपासायच्या या युक्त्या मला फार हुशार वाटतात.

पण ‘आपल्या पूर्वजांना नॅनो ठाऊक होतं’ इथपर्यंत मी जात नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर आणि रिंकू उमराणी यांच्यासारख्यांनी हे नातं सरळ प्रयोगातून तपासलं. यशदभस्म मधुमेहावर देत, तर झिंक ऑक्साइडचे नॅनोकण उंदरांच्या मधुमेहावर काय करतात ते पाहा. परंपरेतून प्रश्न घ्यायचा, उत्तर प्रयोगातून. आणि प्रश्न मधुमेहाचा होता. त्या कामाचं बोट धरून कर्करोगावर भस्म विकणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

*

आता मला या सगळ्यात खरं मोलाचं काय वाटतं ते. दवाखान्यापर्यंत जे धातूंचे ऑक्साइड पोचले ते विष म्हणून नाही पोचले. ते पोचले पदार्थविज्ञानाच्या जोरावर. एकानं गाठ तापवली, दुसऱ्यानं क्ष-किरण अडवले. दोन्ही थेट सुईनं गाठीतच सोडले, रक्तातून शोधत जायची जबाबदारी त्यांच्यावर टाकली नाही. ०.७ टक्क्यांचा प्रश्नच बाजूला सारला.

तापवण्याची कल्पना जुनी. १९५७ साली अमेरिकेत गिलख्रिस्ट या सर्जननं कुत्र्यांच्या लसिकाग्रंथींत लोहऑक्साइड घालून बाहेरून बदलतं चुंबकीय क्षेत्र लावलं आणि त्या ग्रंथी तापवून दाखवल्या. कणातलं चुंबकत्व क्षेत्राबरोबर लाखभर वेळा दर सेकंदाला उलटपालट होतं आणि त्या ओढाताणीत उष्णता निघते. ४२-४३ अंशांच्या पुढे गाठीतल्या पेशी कासावीस होतात आणि किरणोपचार त्यांना जास्त लागतो. बर्लिनमध्ये अँड्रियास जॉर्डन यांनी यात उभी हयात घातली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूची ग्लायोब्लास्टोमा नावाची गाठ उलटलेले ५९ रुग्ण होते. लोहऑक्साइड गाठीत टोचलं, क्षेत्रात तापवलं, सोबत किरणोपचार दिला. गाठ पुन्हा उगवल्यापासून मध्यांक आयुष्य १३.४ महिने निघालं. जुन्या नोंदींच्या मानानं दुपटीहून अधिक. पण तुलनेला चिठ्ठ्या टाकून निवडलेला दुसरा गट नव्हता. उपचाराआधी दातांतली धातूची भरणं काढावी लागत, आणि नंतर त्या भागाचं एमआरआय नीट दिसत नसे, कारण लोखंड तिथेच राहिलेलं. युरोपची परवानगी २०१० मध्ये मिळाली. हा उपचार बाजारात आणणाऱ्या कंपनीनं २०२२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

तापवण्यातल्याच एका प्रश्नावर महाराष्ट्रात एक सुरेख काम झालं, त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. तापवायला लागलं की थांबायचं कुठे? शेजारचं निरोगी ऊतक भाजता कामा नये. प्रत्येक लोहचुंबकीय पदार्थाला एक तापमान असतं, ज्याच्या वर त्याचं चुंबकत्व हरपतं. मॅग्नेटाइटचं ते पाचशे अंशांच्या पुढे, म्हणजे कामाचं नाही. पण लॅन्थेनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइट या मिश्र ऑक्साइडमध्ये स्ट्रॉन्शियमचं प्रमाण आणि कणांचा आकार बदलून ते बरंच खाली आणता येतं. मग कण त्या तापमानाजवळ पोचला की आपोआप तापायचा थांबतो. पुण्याला आघारकरमध्ये डेक्स्ट्रानचं आवरण दिलेल्या अशा कणांवर आधी पेशींत आणि मग उंदरांत प्रयोग झाले, २०१५-१६ च्या सुमारास प्रसिद्धही झाले. कोल्हापुरात डी. वाय. पाटील विद्यापीठात एस. एच. पवार यांच्या गटानं त्याच मँगनाइटवर वेगवेगळी आवरणं चढवून ते पाण्यात स्थिर कसे राहतील ते पाहिलं. उंदरापासून माणसापर्यंतचं अंतर अजून पडलेलं आहे. तरी ‘झिंक ऑक्साइडनं पेशी मेल्या’ यापेक्षा हा प्रश्न कितीतरी नेमका, आणि त्यात पदार्थाचा गुणधर्म खरोखर वापरलेला आहे.

*

हाफ्नियम ऑक्साइड. अणुक्रमांक ७२, म्हणजे इलेक्ट्रॉन भरपूर, म्हणजे क्ष-किरण खूप शोषणार. फ्रान्समधल्या नॅनोबायोटिक्सनं साधारण ५० नॅनोमीटरचे कण केले. किरणोपचाराआधी ते एकदा गाठीत टोचायचे. किरण चालू असेपर्यंत कण काम करतो, बंद झाले की निपचित. हातापायांच्या आणि धडाच्या मऊ ऊतींच्या सार्कोमावर १८० रुग्णांची चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेली. निकाल २०१९ च्या लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आला. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ जवळपास पूर्ण मेलेली निघाली अशांचं प्रमाण कणांच्या गटात १६ टक्के, नुसत्या किरणांच्या गटात ८ टक्के. दुप्पट, आणि तरीही शंभरातले सोळाच. त्याच वर्षी युरोपात परवानगी मिळाली. २०२२ पासून तोंड-घशाच्या कर्करोगाच्या अशा वयस्कर रुग्णांवर, ज्यांना सिस्प्लॅटिन झेपत नाही, तिसऱ्या टप्प्याची चाचणी हाती घेतली आहे. इथल्या रुग्णांच्या दृष्टीनं मी लक्ष ठेवीन ते या निकालावर.

*

फेरुमॉक्सिटॉल हे लोहऑक्साइडचं इंजेक्शन. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झालं. २०१६ साली स्टॅनफर्डमध्ये आढळलं की उंदरांत त्यानं स्तनाच्या गाठीची वाढ रोखली, गाठीतल्या भक्षकपेशींना लढाऊ बनवून. कर्करोगाचं औषध म्हणून ते बनवलंच नव्हतं. गंमत एवढीच की याच इंजेक्शनवर तीव्र अॅलर्जीचा ठळक इशाराही छापलेला आहे.

टायटॅनियम डायऑक्साइड: अतिनील प्रकाश पडला तर पेशी मारतो. अतिनील प्रकाश त्वचेच्या आत फार जात नाही. पुढे लिहिण्यासारखं थोडं.

*

पशुवैद्यक विद्यापीठ आपल्याच शहरात आहे, नानाजी देशमुखांच्या नावाचं. अमेरिकेत डार्टमथच्या जॅक हूप्स यांनी कुत्र्यांच्या तोंडात आपोआप झालेल्या गाठींवर लोहऑक्साइडची उष्णता आणि किरणोपचार एकत्र वापरून पाहिले. टोचून मुद्दाम वाढवलेल्या उंदराच्या गाठीपेक्षा अशी गाठ माणसाच्या गाठीच्या जवळची असते, आणि कुत्र्याला उपचारही मिळतो. इथल्या पदार्थविज्ञानवाल्यांनी पचपेढीतल्या विद्यापीठातून पशुवैद्यकांकडे एकदा चहाला जावं. रिक्षाचे पैसे मी देते.

*

शेजारच्या सूनबाईंचे वडील, तोंडाचा कर्करोग, तिसरी अवस्था. मुंबईला टाटात की नागपूरला, एवढंच ठरायचं होतं. तर त्या मला म्हणाल्या, “काकू, एक जण नॅनोवालं औषध देतो म्हणतो. जस्ताचं आहे, आयुर्वेदिक पण आहे, केमो करावी लागणार नाही म्हणतो. तुम्ही हेच वाचत बसता ना?”

मी विचारलं, “कुणावर तपासलंय म्हणतो?”

“रिसर्च पेपर दाखवला मोबाइलवर.”

पेपर खरा होता. बशीतल्या पेशींवरचा, माझ्याकडे येणाऱ्या मुलांसारख्याच कुणा मुलानं प्रामाणिकपणे केलेला. त्याच्या शेवटच्या वाक्यातला ‘संभाव्य’ विकणाऱ्यानं गाळला होता. प्रबंधातल्या त्या एका ओळीबद्दल मी एवढी हटून का बसते, हे तेव्हापासून मला मुलांना वेगळं समजावावं लागत नाही. वडिलांना नागपूरला नेलं.

*

मध्य प्रदेशानं १ एप्रिल २०१२ ला गुटख्यावर बंदी घातली. आता टपरीवर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळते. तोंडाचा कर्करोग रोखण्यात कुठल्याही ऑक्साइडपेक्षा या दोन पुड्या न घेणं जास्त उपयोगी आहे. हे वाक्य प्रबंधात बसत नाही म्हणून इथे.

*

मुलांना मी संशोधन सोडा म्हणत नाही. मफल भट्टी, एक्सआरडी, पेशी जगवणं, कंट्रोल लावणं हे हात बसायला हाच विषय चांगला आहे, आणि खर्चही आवाक्यातला. फक्त तीन गोष्टी मागते: निरोगी पेशी तुलनेला, जस्ताचं साधं मीठ तुलनेला, आणि मागच्या पानावरचा तो हिशेब. निकाल ‘काही विशेष नाही’ असा आला तरी तो तसाच लिहा.

*

भारतात माणसांवरच्या औषधचाचण्यांची नोंदवही आहे, सीटीआरआय. २००७ मध्ये सुरू झाली, जून २००९ पासून नोंदणी सक्तीची. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या तपासणीची वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते: चाचणी कुठे, किती रुग्णांवर, जबाबदार डॉक्टर कोण, नैतिकता समितीची मंजुरी आहे की नाही. चाचणीतलं औषध रुग्णाला विकायचं नसतं. तेव्हा कुणी घरी येऊन नॅनो-औषध देतो म्हणालं तर त्याच्याकडे आधी सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक नसेल, किंवा त्यानं पैसे मागितले, तर चालू उपचार एक दिवसही थांबवू नका आणि ते औषध आपल्या कर्करोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय तोंडात घालू नका.